किरकोळ मजकूर

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन शेतकरी कुटुंबांची पत्रं वाचायला घेतली, तेव्हा आधी जरा हिरमोडच झाला. मला हवं होतं यादवी युद्ध, लिंकन. हाती लागलं ते असं : मक्याची कणसं खुडून झाली, डुकरं मारून मांस खारवलं, धाकटीला हिवताप आहे, गव्हाला भाव नाही, शेजारणीला मुलगा झाला. पानामागून पानं हेच!

मग तिथले जुने टपालदर पाहिले आणि मनातून ओशाळलो. 1845 पूर्वी चारशे मैलांपलीकडे एका कागदाच्या पत्राला 25 सेंट पडत. दोन कागद म्हणजे दुप्पट. पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यानं मोजायचे. पाकीटही जादा कागद धरलं जाई, म्हणून पत्राचीच घडी घालून ते लाखेनं बंद करत. जागा संपली, की कागद आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत. 1851 मध्ये दर उतरले. पण खेड्यापाड्यांतल्या शेतांवर टपाल घरपोच येऊ लागलं ते 1896 पासून.

इतक्या महाग जागेत माणूस जे लिहितो, ते किरकोळ कसं असेल? पश्चिमेला संसार थाटायला गेलेली लेक आईला पुन्हा दिसेलच, याचा भरवसा नव्हता. 'डुकरं मारली' याचा अर्थ आईला बरोबर कळे : हिवाळ्याची बेगमी झाली, काळजी करू नकोस.

मेन प्रांतातल्या मार्था बॅलार्ड या सुईणीनं 1785 ते 1812 अशी सत्तावीस वर्षं रोजनिशी लिहिली. त्यात 816 बाळंतपणं आहेत, विणकाम आहे, भाजीचा वाफा आहे. जुन्या अभ्यासकांनी ती क्षुल्लक म्हणून बाजूला सारली. लॉरेल थॅचर उलरिच यांनी त्याच नोंदींवर 1990 मध्ये ग्रंथ लिहिला. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. पुरुषांच्या हिशेबवह्यांत न सापडणारे बायकांचे कष्ट त्या 'क्षुल्लक' ओळींत होते.

अर्थात ही पत्रं सगळा देश दाखवत नाहीत. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता. त्यांच्या घरची खबर कुणी कुणाला कळवायची? आणि ज्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर ही शेतं उभी राहिली, त्यांची? म्हणून तर जे कागद उरले, ते जपायला हवेत, आणि जे उरले नाहीत त्यांची आठवणही ठेवायला हवी.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतोय? दोन वर्षांपूर्वी माळा आवरताना आईच्या ट्रंकेतला पोस्टकार्डांचा गठ्ठा मीच रद्दीत घातला. चाळला होता थोडा. आंब्याला मोहोर कमी, गाय व्याली, बाळूला गोवर येऊन गेला... 'यात काय ठेवण्यासारखं?' असं मी म्हणालो होतो. आई काही बोलली नव्हती.

तुमच्या माळ्यावर असा एखादा गठ्ठा असेल, तर आज रविवार आहे. खाली काढा. आणि घरात कुणी वडीलधारं असेल, तर त्यांच्याकडूनच वाचून घ्या.