संशोधनात सिस्टरचे नाव कोठे?

जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळ पिवळे दिसू लागले की घरात धावपळ सुरू होते. डॉक्टर रक्त तपासतात आणि गरज वाटल्यास बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवतात. काचेतून डोकावणाऱ्या आजीला या दिव्याचे मोठे नवल वाटते. पण हा इलाज एका परिचारिकेच्या नजरेतून सुरू झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गोष्ट १९५६ सालची. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर वॉर्ड सांभाळीत. मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते असे त्यांचे मत होते. त्यामुळे हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात नेत. एके दिवशी राऊंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडे करून दाखविले. अंगाचा पिवळेपणा उतरला होता, पण एक त्रिकोणी भाग गडद पिवळाच राहिला होता. डॉक्टरांना वाटले, तेथे काही औषध फासले असावे. सिस्टरांनी खुलासा केला की तेवढ्या भागावर कापडाचे टोक आले होते, तेथे ऊन लागलेच नाही.

पुढे काही आठवड्यांनी काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीपाशी उन्हात राहून गेली. तपासणीत कावीळ अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. सिस्टरांचा त्रिकोण आणि ही नळी एकच गोष्ट सांगत होती. डॉक्टरांनी प्रयोग केले, दिव्यांचे उपकरण तयार केले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. निबंधाच्या तीन लेखकांत सिस्टर वॉर्ड यांचे नाव नव्हते. (यावरून कोणी घरच्या घरी बाळाला उन्हात ठेवून इलाज करू नये. नवजात बाळाची कावीळ वाढल्यास मेंदूला इजा होऊ शकते. बाळाला डॉक्टरांना दाखविणेच योग्य.)

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे, की आजही आपल्याकडे संशोधन म्हणजे डॉक्टरांचे काम आणि सिस्टरचे काम म्हणजे इंजेक्शन व सलाईन, अशीच समजूत आहे. वास्तविक डॉक्टर रुग्णापाशी काही मिनिटे असतात, सिस्टर पाळीभर असते. नव्या औषधाने रात्री कोणाला मळमळले, कोणाच्या अंगावर पुरळ उठले, कोणी गोळी उशीखाली लपवली, हे प्रथम तिलाच कळते. त्यातही कर्करोग, नवजात शिशू किंवा अतिदक्षता या विषयांचे खास शिक्षण घेतलेली परिचारिका असेल, तर नेमके काय पाहायचे आणि काय लिहून ठेवायचे, हे तिला सांगावे लागत नाही.

असे काम आपल्या देशात झालेही आहे. तमिळनाडूच्या दिंडीगल जिल्ह्यात २००० सालापासून गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविषयी मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षित परिचारिकांनी ३१ हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणी केली. गर्भाशयाच्या मुखावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचे, अशी ही साधी पद्धत. संशय आल्यास पुढील तपासणी आणि योग्य त्या स्त्रियांना गोठवण्याचा उपचारही परिचारिकांनीच केला. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत या गावांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी आढळले. जेथे स्त्रीरोगतज्ज्ञ सहज मिळत नाही, त्या भागासाठी हे केवढे मोलाचे!

मात्र तुलनेच्या गावांतील स्त्रियांना तपासणीविना ठेवले, अशी टीका या अभ्यासावर नंतर झाली. माणसांवरील संशोधनात असे प्रश्न येतातच. म्हणूनच रुग्णाला सारे समजावून सांगणारे विश्वासाचे माणूस हवे. मोठ्या डॉक्टरांपुढे आपला शेतकरी ‘साहेब म्हणतील तसं’ म्हणून अंगठा उमटवतो. तोच माणूस सिस्टरला हळूच विचारतो, ‘‘ताई, यात काही धोका तर नाही ना?’’ त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याइतकी माहिती ताईला असलीच पाहिजे.

काही जण म्हणतील, एका सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असतो, त्यात संशोधन कोठून करणार? अडचण खरी आहे, आणि तिच्यावर आणखी कागद लादणे हा उपाय नव्हे. संशोधनाचे काम ड्युटीत धरून त्यासाठी वेळ, शिक्षण आणि मोबदला द्यावा. आज देशातील कायद्यानुसार औषधांच्या चाचण्यांना नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्या समितीत एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असणे आवश्यक आहे, पण परिचारिकेची जागा सक्तीची नाही. ती असावी. आणि निबंध छापताना, जिच्या नजरेमुळे तो लिहिला गेला तिचे नाव आभाराच्या ओळीत न ढकलता लेखकांत घ्यावे.

वाचकांनीही एवढे लक्षात ठेवावे. तुम्हाला किंवा घरच्यांना एखाद्या चाचणीत भाग घेण्यास सांगितले, तर माहितीपत्रक मराठीत मागा. घरी नेऊन वाचा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाई मिळण्याचा तुमचा हक्क आहे. मध्येच बाहेर पडण्याची मुभा आहे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. समजले नाही तर सही करू नका. डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटला, तर वॉर्डातल्या सिस्टरला विचारा. तिला उत्तर ठाऊक नसेल, तर त्या चाचणीत काहीतरी कमी आहे असे खुशाल समजावे.