भयकथेत त्याला प्रेम म्हणत नाहीत

"कायले वाचतं वं असलं? झोप तरी येते का तुले?" उशाशी पुस्तक दिसलं की आईचा हा प्रश्न ठरलेला. या वेळी पुस्तक होतं जॉन फाउल्सचं 'द कलेक्टर'. १९६३ ची कादंबरी. फुलपाखरं मारून पेटीत जपणारा एक साधा कारकून. फुटबॉलच्या पैजेत त्याला धबाड पैसे मिळतात. मग तो गावाबाहेर घर घेतो, तळघर सजवतो आणि जिला आजवर फक्त लांबून बघत आला, त्या चित्रकला शिकणाऱ्या मुलीला उचलून तिथं कोंडतो. ती आपल्याला ओळखायला लागली की प्रेमात पडेलच, असं त्याचं गणित. पुस्तकात भूत नाही, पडका वाडा नाही. तरी मी दोन रात्री लाइट चालू ठेवून झोपले.

असलं वाचून पोरांची डोकी फिरतात, असं आईचं मत. मला उलट वाटतं. फिरलेलं डोकं आतून कसं चालतं, हे प्रामाणिकपणे कोण सांगत असेल तर ती भयकथा. आणि हे मी वर्धा जिल्ह्यात राहून म्हणतेय.

३ फेब्रुवारी २०२०, सोमवार सकाळ. हिंगणघाटचा नांदोरी चौक. कॉलेजात शिकवायला निघालेल्या २५ वर्षांच्या प्राध्यापिकेला ओळखीतल्याच एका माणसानं पेट्रोल टाकून पेटवलं. तो आधीपासून तिच्या मागे लागलेला होता. स्वतः लग्न झालेला. १० फेब्रुवारीला नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, हिंगणघाटच्या कोर्टानं त्याला मरेपर्यंत जन्मठेप सुनावली. मी तेव्हा, म्हणजे २०२० ला, बारावीत होते. त्या आठवड्यात घराघरातून पोरींना एकच सूचना होती, एकटी जाऊ नको.

बातम्यांमधले दोन शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेले नाहीत. 'एकतर्फी प्रेमातून'. आता मी स्वतः इंटर्न म्हणून डेस्कवर बसते, त्यामुळे हे शब्द कुठून येतात ते कळतं. कॉलम बारका, वेळ कमी, शब्द तयार. पण पेट्रोलची बाटली घेऊन चौकात थांबलेल्या माणसाच्या बातमीत 'प्रेम' आलंच कसं? १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका विद्यार्थिनीला जाळलं होतं. तिच्याबद्दल लिहितानाही आजपर्यंत हेच दोन शब्द येतात.

सिनेमानं तर हे आणखी गोड केलंय. 'डर' १९९३ चा, आपल्या जन्माच्या आधीचा. तरी त्यातली अडखळत मारलेली हाक आपल्या गॅदरिंगमध्ये अजून मिमिक्रीला असते आणि आपण शिट्ट्या मारतो. 'रांझणा'त पोरगी नाही म्हणते, तो हाताची नस कापतो, आणि आपण रडतो कुणासाठी? त्याच्यासाठी.

आता एडगर ॲलन पो घ्या. १८४३ च्या 'द टेल-टेल हार्ट'मधला माणूस पहिल्यापासून पटवत असतो की मी वेडा नाही. तो जितकं पटवतो तितका आपल्याला घाम फुटतो. किंवा आपला 'तुंबाड'. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला. हस्तर भयानक आहेच, पण खरी भीती वाटते ती पुन्हा पुन्हा दोर धरून खाली उतरणाऱ्या विनायकची. त्याची हाव बघून 'वा, काय जिद्द' असं कुणी म्हणत नाही. पोरीच्या मागे लागलेल्याला मात्र आपण सर्रास म्हणतो.

सगळ्याच भयकथांची वकिली मी करणार नाही. कितीतरी वेब सिरीजमध्ये बाईचं प्रेत फक्त सजावटीला असतं. कॅमेरा त्याच्याकडे, गाणं त्याचं, बालपणीचं दुःखही त्याचंच. 'द कलेक्टर' वेगळं ठरतं ते इथंच. सुरुवातीला तोच बोलतो, आणि इतकं समजूतदार बोलतो की आपण त्याला थोडं मानायलाही लागतो. मग अचानक तिची डायरी सुरू होते. तेच तळघर, तेच दिवस. तिनं लिहिलेलं वाचताना आधीचं प्रत्येक पान सडलेलं वाटायला लागतं.

हे पुस्तक मी आमच्या ग्रुपमधल्या एकाला दिलंय. मुद्दामच. गेले तीन महिने तो एका मुलीच्या बस स्टॉपवर रोज 'सहज' उभा असतो. तिनं ब्लॉक केलं तर नवीन अकाउंट काढून मेसेज. मुलगी स्पष्ट नाही म्हणाल्यावरही हे चालू ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. २०१३ पासून तो जुन्या कायद्यातही होता. हे आम्ही सगळे मास कॉमवाले वर्गात शिकलोय. तरी 'सोडू नको, मानेल ती' हे त्याला आम्हीच सांगत होतो. मीसुद्धा.

परवा कॅन्टीनमध्ये भेटला.

"अर्धं झालं. बिचारा आहे यार तो, त्रास कुठं देतोय तिला? सगळं आणून देतो."

"डायरी सुरू झाली का?"

"कोणाची डायरी?"

मी काही बोलले नाही. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.