स्त्रीराज्याचे भय

सचित्र वीरकथांत एक प्रसंग पुनःपुन्हा आढळतो. जगावर स्त्रियांचे राज्य स्थापू पाहणाऱ्या दुष्टांच्या कैदेत महापराक्रमी नायक सापडतो. शेवटी तो बेड्या तोडतो आणि बालवाचकांचा जीव भांड्यात पडतो.

परंतु विद्यार्थ्यांनो, येथे आपण भ्यालो ते कशाला? गुलामगिरीला म्हणाल, तर ती पुरुषाने लादली तरी तितकीच निंद्य होय. स्त्रीच्या हाती अधिकार येण्यालाच भ्यालो असू, तर इतिहास पाहावा. न्यूझीलंडात १८९३ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला; मुंबई इलाख्यात १९२१ साली, मालमत्तेच्या अटीवर का होईना, तो मिळाला. पुरुष कोठेही बंदिवान झाले नाहीत! विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१ साली निर्मिलेली वंडर वूमन तर स्त्रियांच्याच बेटावरून येते आणि आपले बळ दुबळ्यांच्या रक्षणार्थ वेचते.

ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या राज्यात धनीपणाची चढाओढ नाही. म्हणून पालकहो, मुलाला वीरकथा अवश्य द्या. पण मुलीच्या हातचे पुस्तक काढून तिला चुलीपुढे बसवू नका. ती बेडी तोडावयास आकाशातून कोणी नायक यावयाचा नाही. ती आपणच तोडावयाची आहे.