रुमालाखालची बोली

लिलाव ही गोष्ट आम्हा खानदेशी माणसांना नवी नाही. मुक्ताईनगरला, म्हणजे जुन्या लोकांच्या एदलाबादला, केळीवाल्याचे कान बऱ्हाणपूरच्या लिलावात काय भाव निघाला याकडे लागलेले असतात. लिलावाची आणखी एक जुनी तऱ्हा होती. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो समोर उभा राहून रुमालाची हालचाल तेवढी पाही. वऱ्हाडात १८९७ साली आणि मुंबई प्रांतात १९२७ साली कापूस बाजाराचे कायदे झाले, पुढे १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला. बोली उघड्यावर बोलली जावी, हा शेतकऱ्याचा हक्क ठरायला एवढा काळ लागला. तो रुमाल आता दुसऱ्या वाटेने परत आला आहे आणि आमच्या तालुक्यातली पंचविशीतली मुले त्याखाली हात घालून बसली आहेत.

हा लिलाव शब्दांचा आहे. इंटरनेटवर तुम्ही 'कूलर' असा शब्द शोधला की उत्तरांच्या डोक्यावर जाहिराती दिसतात. त्यांतली कोणती वर यावी, याचा लिलाव त्याच क्षणी होऊन गेलेला असतो. जाहिरात नुसती दिसली तर पैसे पडत नाहीत, कोणी तिच्यावर क्लिक केले तर पडतात. १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या अमेरिकन कंपनीने ही पद्धत बाजारात आणली. गंमत म्हणजे तिथे कोणी किती बोली लावली हे सर्वांना दिसत असे. २००२ मध्ये गूगलने क्लिकच्या बोलीचा स्वतःचा लिलाव सुरू केला तेव्हा आकडे झाकले गेले. त्यात नुसती बोली पुरत नाही. जाहिरातीवर किती लोक क्लिक करतील याचा कंपनीचा अंदाजही बोलीबरोबर तोलला जातो, आणि तो काटा कंपनीच्याच हातात असतो.

आमची मुले इथे माल विकत नाहीत. ती अडत्ये आहेत. दुकान दुसऱ्याचे, कूलर दुसऱ्याचा. गिऱ्हाईक आणून दिले तर कमिशन. अॅमेझॉनने १९९६ पासून ही योजना चालवली आणि मग सगळ्यांनीच उचलली. फरक एवढाच, की आमच्या बाजारातला अडत्या सौदा झाल्यावर अडत घेतो, तर हा नवा अडत्या दुकानाच्या दारापर्यंत येणाऱ्या प्रत्येक माणसाचे भाडे आधी खिशातून भरतो. त्यातला कोणी खरेदी करील की नाही, ते पुढचे पुढे.

माझ्या भाच्याने हा धंदा सुरू केला तेव्हा एकदा आनंदाने सांगत आला, "मामा, आपण पहिल्या नंबरवर आहोत!" मी बरीच वर्षे अडतीच्या दुकानात जमाखर्च लिहिलेला माणूस. मी विचारले, "अरे, पण उरतंय काय?" हा प्रश्न त्याला त्याच्या क्लासमध्ये कोणी विचारलाच नव्हता. कुठली कळ कुठे दाबायची, एवढेच शिकवण्याचे तिथे हजारो रुपये घेतले होते.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. समजा, कूलर चार हजारांचा आणि कमिशन पाच टक्के, म्हणजे दोनशे रुपये. शंभर क्लिकमागे दोघांनी घेतला तर चारशे. दहातला एक परत जातो असे धरले तर तीनशे साठ. म्हणजे एका क्लिकची किंमत तीन रुपये साठ पैसे. त्याच्या वर बोली गेली की पदरचे चालले. इथपर्यंत कोणालाही कळते. खरी फसगत पुढे आहे. दोन रुपये दराने दिवसाला शंभर क्लिक येत असतील तर खर्च दोनशे, हातात राहिले एकशे साठ. तीन रुपये केले आणि क्लिक एकशे तीस झाले, तर मिळकत चारशे अडुसष्ट, खर्च तीनशे नव्वद, उरले अठ्ठ्याहत्तर. धंदा वाढला आणि नफा निम्म्यावर आला! कारण वाढीव दर नव्या तीस क्लिकनाच लागत नाही, जुन्या शंभरांनाही लागतो. ते तीस क्लिक एकशे नव्वद रुपयांना पडले, म्हणजे प्रत्येकी सहा रुपयांच्या वर. आणि मिळवून देतात साडेतीन. तीन रुपये हा दर तीन-साठच्या आत होता, तरीही सौदा तोट्याचाच.

यावर कोणी म्हणेल, की बोलीइतके पैसे कुठे द्यावे लागतात? खालच्याला मागे टाकण्यापुरतेच तर द्यायचे असतात. खरे आहे. पण या सवलतीनेच माणूस बेफिकीर होऊन मोठी बोली लावतो, आणि खालचाही तसाच बेफिकीर असला की दोघे मिळून एकमेकांचा भाव चढवून ठेवतात.

घाईचेही तेच. शंभर क्लिकला सरासरी दोन विक्री असलेल्या शब्दावरही सात-आठ खेपांतून एकदा शंभर क्लिकमध्ये एकही कूलर खपत नाही. हे निव्वळ संभाव्यतेचे गणित आहे. अशा वेळी मुले चांगला शब्द टाकून देतात, आणि भलत्या शब्दावर योगायोगाने चार विक्री झाल्या की त्यावर पैसा ओततात. शिवाय 'कूलर' असे शोधणारा आणि 'कूलर दुरुस्ती' असे शोधणारा, दोघे एकच आहेत का? दुसऱ्याला नवा कूलर घ्यायचाच नाही. 'दुरुस्ती', 'जुना', 'फुकट' हे शब्द आधीच वगळून ठेवायची सोय असते. भाच्याने ती पहिले दोन महिने वापरली नव्हती.

त्याला खरा फटका मात्र वेगळ्याच ठिकाणी बसला. एका मोठ्या दुकानाच्या नावावरच त्याने बोली लावली. क्लिक स्वस्त, विक्री भरपूर. आणि मग दोन महिन्यांचे कमिशन रद्द. करारात बारीक इंग्रजीत ती मनाई होती. अट चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, कारण जो माणूस नाव घेऊन त्याच दुकानात निघालाय त्याला रस्त्यात गाठून 'मी आणला' म्हणणे ही काही अडत नव्हे. पण ती अट मराठीत, ठळक अक्षरांत सांगायला काय हरकत होती? मनाई दुकानाच्या करारातली होती. नावाचा लिलाव करणारी कंपनी ते शब्द विकतच होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये एका मालवाहतूक कंपनीच्या प्रकरणात म्हटले, की अशा लिलावात गूगल नुसते बघे नाही, सक्रिय भागीदार आहे.

आता तर बोलीही आपण लावू नये, यंत्रावर सोडावी, असा आग्रह आहे. म्हणजे लिलाव पुकारणाराच गिऱ्हाइकाच्या वतीने बोलणार! मोठ्या कंपन्यांना ते परवडत असेल, त्यांच्याकडे रोजच्या हजारो विक्रींचा हिशेब असतो. दिवसाला दोन विक्री असणाऱ्या पोराच्या पैशावर यंत्राने शिकावे, हे मला पटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने गूगलला शोधाच्या बाजारातली बेकायदा मक्तेदार ठरवले. स्पर्धेची फारशी भीती न बाळगता ती जाहिरातींचे दर वाढवू शकली, असेही निकालात आहे. आपल्या स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये शोधातल्या पक्षपाताबद्दल तिला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड केला होता. दंड होत राहतील. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक क्लिकच्या वेळी खालची बोली किती होती आणि काटा कुठे झुकला, हे पैसे देणाऱ्याला नंतर तरी दिसावे. कापसाच्या गाडीवाल्याला जे मिळाले, ते याला का मिळू नये?

भाचा धंदा सोडून बसलेला नाही. रोजचा खर्च दीडशेच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे त्याने ठरवले आहे. मार्चपासून मेअखेर कूलर, तेही आमच्या उन्हातल्या गावांपुरते. पाऊस लागला की बोली बंद. पहिल्या नंबरवर तो आता क्वचित असतो. वही मात्र रोज लिहितो, आणि रविवारी मला दाखवायला आणतो.