१८,५०० जाहीर, खात्यात ६,८००: अतिवृष्टीच्या मदतीचा हिशेब समजून घ्या

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आणि पुरात मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात खरीप हातचा गेला. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५०० रुपये, हा आकडा गावोगावी पोहोचला. मात्र खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा अनेकांना रक्कम कमी दिसली. असे का?

१८,५०० आले कुठून?

ही एक रक्कम नाही, दोन रकमांची बेरीज आहे. ८,५०० रुपये पीक नुकसानीचे. त्याचे दर केंद्राच्या निकषांप्रमाणे ठरतात: कोरडवाहू ८,५००, बागायती १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये हेक्टरी. पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के हवे. उरलेले १०,००० रुपये राज्य सरकारचे, रब्बीच्या बियाण्यांसाठी आणि इतर खर्चासाठी. दोन्ही रकमा वेगवेगळ्या जमा होतात.

माझ्या शेताचे किती?

दोन एकर कोरडवाहू सोयाबीन म्हणजे साधारण ०.८० हेक्टर. पीक नुकसानीचे ६,८०० आणि रब्बीचे ८,०००, एकूण १४,८०० रुपये. पण पंचनाम्यात एकच एकर बाधित लिहिले असेल, तर रक्कमही निम्मी. मर्यादा ३ हेक्टरची आहे. केंद्राचे निकष २ हेक्टरपर्यंतच आहेत.

ही नुकसानभरपाई आहे का?

नाही. निकषांच्या भाषेत हे निविष्ठा अनुदान आहे, म्हणजे बियाणे-खतांच्या खर्चाला हातभार. गेलेल्या पिकाची किंमत यात धरलेलीच नाही. ८,५०० हेक्टरी म्हणजे एकरी जेमतेम ३,४०० रुपये. पीकविमा वेगळा, विमा नसला तरी ही मदत मिळते.

पैसे कुठे अडकतात?

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. यादी तहसीलमधून पोर्टलवर जाते आणि शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. ई-केवायसी झाली की पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. फार्मर आयडी असलेल्यांना ई-केवायसीतून सूट आहे. अडचण येते ती पुढील ठिकाणी:

• आधार आणि सातबाऱ्यावरील नावात फरक

• सातबारा अजून मयत वडिलांच्या नावावर, वारस नोंद बाकी

• सामाईक खाते, पण इतर खातेदारांची संमती नाही

• आधार जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेले

यादीतच कोण नाही?

बटईने शेती करणारे. मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. पेरणी, फवारणी, मजुरी बटईदाराने केली, पीकही त्याचेच वाहून गेले, तरी पैसे मालकाच्या खात्यात जातात. मालकाने त्यातले द्यायचे की नाही, हा त्याच्या मनाचा प्रश्न. तोंडी व्यवहाराची नोंद कुठेच नसल्याने बटईदाराला दादही मागता येत नाही. पॅकेजचा आकडा कितीही वाढवला, तरी ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

आता काय कराल?

यादीतील आपले बाधित क्षेत्र तलाठ्याकडे तपासा. ते चुकले असेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आधार कोणत्या बँक खात्याला जोडले आहे, तेही आजच पाहा.