हमी छत्रीची, कापडाची नव्हे

एअर रायफलच्या नळकांड्यात 200 बार दाबाची हवा. रेग्युलेटर ती आवरून दर खेपेला सारखीच मोजून देतो, म्हणून 4.5 मिलिमीटरचा छर्रा दहा मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याला भिडतो. आतली बैठक झिजली की दाब रात्रभर हळूहळू चढतो आणि सकाळचा पहिलाच नेम भरकटतो. आमच्या रेंजवरच्या एका पोराची रायफल दुरुस्त होऊन आली. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. दुकानदार म्हणे, ‘‘गॅरंटी रेग्युलेटरची, त्यातल्या ओ-रिंगची नाही.’’ म्हणजे छत्रीची हमी, कापडाची नव्हे! वर ठपका, पावसाळ्यात हातपंपाने दमट हवा भरलीत. (तो अगदीच खोटा नव्हता.) पण नेमकं काय बदललं, दाब कितीवर लावला? पावतीवर दोनच शब्द: ‘सर्व्हिस केली’.