पत्रे फोडू नका

मा. संपादक,


शाळांवरचे जुने सिमेंटचे पत्रे सुट्टीत फोडून टाकावेत, असे एका वाचकांनी गेल्या अंकात सुचवले आहे. त्यांची कळकळ पटते. उपाय मात्र घातक आहे.

या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड असेपर्यंत ते सिमेंटमध्ये जखडलेले राहतात. घण बसला, ड्रिल चालले की हवेत सुटतात आणि फुप्फुसात रुततात. त्यातून होणारा कर्करोग २०-३० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो.

मी शिकवत होते त्या शाळेत मे महिन्यात असेच पत्रे फोडले होते. जूनमध्ये वर्ग उघडला तर बाकांवर, खिडकीच्या गजांवर राखेसारखी पूड. सातवीच्या मुलींनी ती केरसुणीने झाडली. झाडायला मीच सांगितले होते. आज ते आठवले की जीव कासावीस होतो.

धड पत्र्याला हात लावू नये. तडकलेला असेल तर आधी पाण्याने भिजवावा, नटबोल्ट सोडवून अख्खा उतरवावा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा. कामगारांना तोंडाला रुमाल पुरत नाही, तंतू अडवणारा मास्कच हवा.

रंगाचेही तेच. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचा ऑइलपेंट असलेली दारे-खिडक्या पॉलिश पेपरने कोरडी घासू नयेत. तो धुरळा मुलांच्या हातावाटे पोटात जातो आणि मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. शाळांतील अशा पत्र्यांची आणि रंगाची पाहणी व्हावी आणि तिची सुरुवात बालवाडीच्या खोल्यांपासून करावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली जिल्हा